खाल्ल्या मिठाचा हिशेब

पुण्यात नोकरी करणाऱ्या सातारा-सांगलीकरांच्या फॅमिली ग्रुपवर दोन विषय कायम असतात. एक, ‘कधी येणार?’ आणि दुसरा, पाणी. पाणी आलं नाही, पाणी कमी आलं, पाणी गढूळ आलं. आता यात एका नव्या मेसेजची भर पडली आहे : ‘सॉफ्टनर बिघडलाय, येशील तेव्हा बघ.’ म्हणजे शुक्रवारी रात्री कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत आपण सॉफ्टवेअरवाले आणि शनिवारी सकाळी घरच्या गच्चीवर सॉफ्टनरवाले!

गेल्या वर्षभरात मी अशा दोन केसेस हाताळल्या. एक सांगलीत, विश्रामबागेत, आईबाबांच्या घरी. दुसरी साताऱ्यात, गोडोलीकडे, ताईच्या सोसायटीत. यंत्रं वेगळी, लक्षणं वेगळी. पण दोन्हीकडे एकच प्रश्न कामाला आला : मीठ कमी होतंय का? तुम्ही मेकॅनिकल इंजिनीअर असा नाहीतर एचआरमध्ये, हा एक प्रश्न विचारता आला की सॉफ्टनरचं निम्मं दुखणं तुम्ही ओळखलंत म्हणून समजा.

नदी एकच, पाणी वेगळं

खरं तर या दोन्ही गावांना पाण्याचं भाग्य मोठं. साताऱ्याला कासच्या तलावाचं पाणी डोंगरावरून उताराने येतं. शहराच्या कुशीत संगम माहुलीला कृष्णा-वेण्णा भेटतात, आणि हीच कृष्णा पुढे सांगलीला हरिपूरजवळ वारणेला भेटते. तलावाचं आणि नदीचं हे पाणी तसं बरंच हलकं. मग सॉफ्टनरची गरज पडतेच कुठे?

पडते, कारण गावं वाढली. नव्या कॉलन्या आल्या, अपार्टमेंट आली. नळाचं पाणी पुरेना, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या दारात बोअर मारली. आणि बोअरचं पाणी म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांमध्ये मुरून बसलेलं पाणी. खडकातलं आणि मातीतल्या चुनखडीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ते सावकाश विरघळवून घेतं. शाळेच्या पुस्तकात याला ‘दुष्फेन’ पाणी म्हणायचे. घरात आपण ‘जड पाणी’ म्हणतो. नळावर पांढरे थर, बादलीला खरखरीत कडा, गिझरच्या कॉइलवर चुन्याची साल, आणि तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही टणक! (आई म्हणते, ‘डाळ नवी का जुनी ते सोड, आधी पाणी कुठलं ते सांग.’ शंभर टक्के बरोबर आहे तिचं.)

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ मध्ये, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. आमच्या विश्रामबागेतल्या बोअरचा आकडा ५०० च्या आसपास येतो. म्हणजे पास, पण काठावर.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. जड पाणी पिऊन काही लगेच आजारपण येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही कठीणपणासाठी आरोग्याची म्हणून वेगळी मर्यादा घातलेली नाही. सॉफ्टनर लागतो तो गिझर, वॉशिंग मशीन, नळ, शॉवर आणि आपले केस यांच्यासाठी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

एसटीतली जागा

सॉफ्टनरच्या उभ्या नळकांड्यात राजगिऱ्याएवढे, मधाच्या रंगाचे लाखो मणी असतात. हे रेझिन. प्रत्येक मणी म्हणजे स्वारगेटहून सुटलेली एसटी समजा. सीटवर सोडियम बसलेलं आहे. पाण्याबरोबर कॅल्शियम येतं, त्याच्याकडे दोन सीटची तिकिटं. ते दोन सोडियमना उठवतं आणि ऐसपैस बसतं. सोडियम पाण्यात उतरतं, कॅल्शियम बसमध्ये राहतं. झालं पाणी हलकं!

काही दिवसांनी सगळ्या सीट कॅल्शियमने भरतात. मग शेजारच्या टाकीतलं मिठाचं दाट पाणी आत सोडायचं. आता सोडियमची एवढी झुंबड उडते की कॅल्शियमला जागा सोडावीच लागते. ते गटाराच्या नळीतून बाहेर, सोडियम पुन्हा सीटवर. याला रीजनरेशन म्हणतात.

हिशेब अगदी सोपा आहे. २५ लिटर रेझिन असलेलं घरगुती यंत्र एका दमात साधारण सव्वा किलो कठीणपणा धरतं. पाणी ५०० मिलिग्रॅमचं असेल तर अडीच हजार लिटर पाणी झालं की त्याची सीट फुल्ल. रोज ३०० लिटर वापर असेल तर आठव्या दिवशी रीजनरेशन, आणि दर वेळी तीनेक किलो मीठ. म्हणजे महिन्याला ११-१२ किलो. आपल्या घराचा असा आकडा एकदा काढून ठेवा. कारण मीठ यापेक्षा खूप कमी किंवा खूप जास्त जाऊ लागलं की यंत्र काहीतरी सांगतंय.

केस पहिली : सांगली, मीठ संपेचना

आईची तक्रार होती की साबणाला फेस येत नाही. सर्व्हिसला आलेल्या माणसाने झाकणही न उघडता निदान केलं : ‘रेझिन गेलंय. बदलावं लागेल.’ आणि पाच आकडी एस्टिमेट ठेवून गेला. बाबा मात्र यंत्रावर खूश.

‘अरे, दोन महिने झाले, मीठ इतकंसंसुद्धा कमी झालं नाही. बघ की, किती काटकसरी आहे!’

‘बाबा, त्याने जेवण सोडलंय,’ मी म्हटलं.

मीठ कमी होत नाही आणि पाणी जड येतंय, याचा अर्थ मिठाचं पाणी रेझिनपर्यंत पोचतच नाहीये. रेझिन उपाशी आहे, मेलेलं नाही. उपाशी राहण्याची कारणं मोजकीच आहेत.

पहिलं म्हणजे मिठाचा पूल. पावसाळ्याच्या दमट हवेत टाकीतलं मीठ वर घट्ट धरतं, त्याचा कडक थर तयार होतो. खालचं मीठ विरघळून गेलेलं असतं, मध्ये पोकळी, आणि वरून बघणाऱ्याला टाकी भरलेली दिसते. लाकडी काठीने हलकेच दाबून बघायचं. काठी तळापर्यंत गेली तर ठीक. मध्येच ठक्क वाजलं तर पूल. कोमट पाणी घालून, काठीने हळूहळू फोडायचा. लोखंडी सळई नको, टाकीला भोक पडेल. आमच्याकडे हाच पूल निघाला, चांगला चार बोटं जाडीचा! स्वयंपाकाचं बारीक मीठ घातलं की हा प्रकार लवकर होतो. सॉफ्टनरसाठी मिळणाऱ्या मिठाच्या वड्या किंवा स्वच्छ जाडं मीठ घ्या, आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नका.

दुसरं, इंजेक्टर. वरच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक छिद्र असतं. त्यातून पाणी जोरात जाताना मिठाचं पाणी ओढलं जातं. स्वस्त मिठातली माती इथे अडकते. यंत्र बायपासवर टाकायचं, आतला दाब सोडायचा, जाळी आणि छिद्र धुऊन घ्यायचं. अडलंच तर लाकडी टूथपिक वापरायची, टाचणी नको, छिद्र मोठं झालं की खेळ खलास.

तिसरं, दाब. नुसत्या गच्चीवरच्या टाकीच्या उताराने ही ओढ तयार होत नाही, प्रेशर पंप लागतो. आणि रीजनरेशनच्या वेळेला पंप बंद असेल तर यंत्र नुसतंच सगळे टप्पे कोरडे फिरून येतं.

पूल फोडला, इंजेक्टर धुतला, मीठ विरघळायला काही तास दिले आणि लागोपाठ दोनदा रीजनरेशन केलं. संध्याकाळी आईने हात धुताना नुसतं ‘हं’ म्हटलं. आमच्याकडे ‘हं’ म्हणजे फाइव्ह स्टार रेटिंग. रेझिन ठणठणीत होतं. पाणी बरं असेल आणि निगा राखली तर ते आठ-दहा वर्षं सहज टिकतं.

केस दुसरी : सातारा, मीठ संपतंय पण पाणी जडच

ताईकडे उलटा प्रकार. सोसायटीचा मोठा सॉफ्टनर, मीठ वेळच्या वेळी संपतंय, सेक्रेटरीकाका पोत्यांची बिलं दाखवतायत, तरी शॉवरखाली केसांचा झाडू होतोय. मीटिंगमध्ये नेहमीप्रमाणे दोन गट : ‘मशीन बदला’ आणि ‘मेंटेनन्स वाढवणार नाही’.

ताईने भांडणात न पडता एक काम केलं. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी रोज एक खूण करायला लागली. फेस आला तर टिक, नाही आला तर फुली. तीन आठवड्यांनी फोटो पाठवला. फुल्या दर तिसऱ्या दिवशी! आणि सोसायटीच्या यंत्राचं रीजनरेशनही बरोबर दर तिसऱ्या दिवशीच होतं.

मी खाली पार्किंगमध्ये जाऊन व्हॉल्व्हवरचं घड्याळ बघितलं. सकाळचे साडेनऊ झाले होते, घड्याळात सहा. जुन्या पद्धतीचा टायमर, बॅटरीचा आधार नाही. वीज जितका वेळ जाते तितका वेळ घड्याळ मागे पडतं. असं करत करत साडेतीन तास मागे. म्हणजे रात्री दोनला लावलेलं रीजनरेशन प्रत्यक्षात पहाटे साडेपाचला सुरू व्हायचं. आणि नेमकं साडेपाचला वॉचमनकाका गच्चीवरची टाकी भरायला घ्यायचे.

आता यातली मेख अशी, की रीजनरेशन चालू असताना बहुतेक ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह कच्चं पाणी सरळ पुढे जाऊ देतात, घरात पाणी अडू नये म्हणून. त्यामुळे दर तिसऱ्या दिवशी अख्खी टाकी बोअरच्या जड पाण्याने भरत होती. यंत्र आपलं काम चोख करत होतं, फक्त चुकीच्या वेळी. घड्याळ लावायला दोन मिनिटं लागली. खर्च शून्य. सेक्रेटरीकाका थोडे हिरमुसले, कारण तीन कोटेशन्स मागवून झाली होती.

मीठ जातंय आणि पाणी जड आहे, तर आणखी दोन ठिकाणी बघा. बायपासचा कॉक अर्धवट उघडा राहिलाय का? आणि पाण्याचा कठीणपणा वाढलाय का? बोअरचं पाणी जुलैत एक आणि मे महिन्यात दुसरं. पावसाळ्यात केलेली सेटिंग उन्हाळ्यात पुरेलच असं नाही. पाण्यात लोखंड असेल, म्हणजे बादलीला तांबूस डाग पडत असतील, तर रेझिनवर तोच गंज बसतो. ते सायट्रिक अ‍ॅसिडने साफ करता येतं, पण माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

बाकीची लक्षणं झटपट. नळाला खारट पाणी आलं तर रीजनरेशननंतरची धुणी नीट झालेली नाही, ड्रेनची नळी दुमडली किंवा तुंबली असणार. नळातून बारीक पिवळसर मणी आले तर आतली जाळी तुटलीय, लगेच बायपासवर टाका आणि माणूस बोलवा. पाण्याचा जोर कमी झाला तर आधी अलीकडचा गाळाचा फिल्टर बघा. आणि सांगलीकरांसाठी खास : २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला आणि बोअरला गढूळ पाणी लागलं, तर पाणी निवळेपर्यंत यंत्र बायपासवरच ठेवा. रेझिनमध्ये गाळ बसला की उतरवणं महाकठीण.

ते मीठ जातं कुठे?

इथपर्यंत झाला यंत्राचा हिशेब. आता माणसांचा.

बाबांचं वय ६८, बीपीची गोळी चालू. सांगलीच्या घरी फिटिंग करणाऱ्याने सगळंच पाणी सॉफ्टनरमधून घेतलं होतं, किचनच्या नळासकट. कठीणपणा १०० मिलिग्रॅम कमी केला की लिटरमागे साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. आमचा आकडा ५००. म्हणजे लिटरला २३० मिलिग्रॅम. पिण्याचं, चहाचं, आमटीचं मिळून दिवसाला तीन लिटर धरा, ६९० मिलिग्रॅम झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. एक तृतीयांश कोटा नुसत्या पाण्यात! इतकं सोडियम पावणेदोन ग्रॅम मिठात असतं. आणि पाणी खारट लागत नाही, कारण त्यात मीठ आलेलं नसतं, मिठातलं फक्त सोडियम आलेलं असतं. आई जेवणातलं लोणचं-पापड बंद करून बाबांचं मीठ तोडत होती आणि नळ गुपचूप भरपाई करत होता.

टीडीएस मीटर इथे अजिबात उपयोगी नाही. सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. त्यामुळे टीडीएस आधी जेवढा तेवढाच, किंवा थोडा जास्तच. ‘टीडीएस बघा, पाणी एकदम सेफ’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

उपाय होता एका प्लंबरचा आणि एका सकाळचा. किचनच्या सिंकला महापालिकेच्या कृष्णेच्या पाण्याची वेगळी लाइन घेतली, सॉफ्टनर फक्त बाथरूम आणि वॉशिंग मशीनला ठेवला. ज्यांच्याकडे पिण्यासाठी बोअरशिवाय पर्याय नाही, त्यांनी सॉफ्टनरच्या पुढे आरओ लावला तर तो बरंचसं सोडियम काढतो. घरात कुणाला बीपी, किडनी किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा : ‘आमच्याकडे सॉफ्टनर आहे.’ डॉक्टर हे आपणहून विचारतीलच असं नाही.

राहिलेलं मीठ गटारात जातं. आमचंच धरा, वर्षाला जवळजवळ १३५ किलो. सांगली जिल्ह्यात वाळवा, पलूस, मिरज भागात क्षारपड जमिनी बघितल्यात? उसाच्या शेतात मध्येच पांढरी फटफटीत पट्टी, काही उगवत नाही. तो दोष सॉफ्टनरचा नाही, अती पाण्याचा आणि निचरा नसण्याचा आहे. पण काळ्या जमिनीत सोडियम साठलं की काय होतं, हे समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही. आमच्या यंत्राची ड्रेनची नळी फिटिंगवाल्याने सरळ परसात सोडली होती. कढीपत्ता का वाळतोय याचा आई सहा महिने शोध घेत होती! ही नळी बागेत नको, बोअरजवळच्या शोषखड्ड्यात तर नकोच, नाहीतर आपलंच मीठ फिरून आपल्या बोअरला येणार. ती ड्रेनेज लाइनलाच जोडा. झाडांनाही सॉफ्टनरचं पाणी घालू नका, त्यांना जड पाणीच बरं.

मीठ कमी लागावं असं वाटत असेल तर आणखी दोन गोष्टी. रीजनरेशन दिवसांवर न लावता लिटरवर लावणारा मीटरवाला व्हॉल्व्ह घ्या, म्हणजे घर आठ दिवस बंद असताना यंत्र उगाच जेवणार नाही. आणि कठीणपणा शून्यावर आणायचा हट्ट सोडा. थोडं कच्चं पाणी मिसळून तो शंभरच्या आत ठेवला तरी गिझर खूश, मशीन खूश.

शनिवारची दहा मिनिटं

घरी जाल तेव्हा एवढंच करा.

१. मिठाच्या टाकीवर मार्करने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. पुढच्या वेळी हिशेब आपोआप कळेल.

२. लाकडी काठी तळापर्यंत जाते का बघा.

३. व्हॉल्व्हवरचं घड्याळ मोबाइलशी जुळवा.

४. बायपासचा कॉक पूर्ण बंद आहे का, ड्रेनची नळी मोकळी आहे का, ते बघा.

५. कठीणपणाच्या टेस्ट किटचे थेंब टाकून सॉफ्टनरच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही पाणी तपासा. गुलाबीचं निळं व्हायला किती थेंब लागले ते मोजायचं. किट नसेल तर बाटलीत पाणी आणि अंगाच्या साबणाचा कीस घालून हलवा. डिटर्जंट नको, त्याला जड पाण्यातही फेस येतो.

६. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं : मिठाचं पोतं गच्चीवर कोण नेतं, ते विचारा.

हा सहावा प्रश्न मी बाबांना विचारला, तेव्हा ते पेपर वाचत होते. ‘कोण म्हणजे? मीच,’ म्हणाले. पंचवीस किलोचं पोतं, बावीस पायऱ्या, वय ६८. आता वाण्याचा मुलगा पाच-पाच किलोच्या पिशव्या थेट गच्चीवर ठेवून जातो आणि महिन्यातून एकदा मी त्या टाकीत ओततो. रेघेशेजारी तारीख मात्र बाबाच लिहितात, त्यांच्या वळणदार अक्षरात. ते काम त्यांनी सोडलेलं नाही.